चौथ्या मजल्यावरची वाणी

दुपारचे चार वाजायचे होते आणि चौथ्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर माणूस, आणि माणूस नसेल तिथे चपला. लिफ्टसमोरच्या चिंचोळ्या जागेत दोन बाकं टाकलेली, त्यांवर म्हातारी माणसं टेकलेली. कुणाच्या हातात एक्स-रे, कुणाच्या हातात मुलाची गुणपत्रिका, एकीच्या हातात नुसताच नवऱ्याचा फोटो. सगळ्यांच्या माना एकाच उघड्या दाराकडे वळलेल्या.

दाराच्या आत जेवणाचं टेबल होतं आणि टेबलाखाली सात वर्षांची एक मुलगी दोन्ही कानांवर हात दाबून पुढेमागे झुलत बसली होती.

"शांतता!" दारात उभ्या असलेल्या एजंटकाकांनी हात वर केला. "वाणी उतरते आहे. कान झाकलेत बघा. का झाकलेत? जो बाहेरचं ऐकतो, त्याला आतलं ऐकू येत नाही!"

साठ माणसं एकदम कुजबुजायला लागली तर मोठ्या माणसानेही कान झाकले असते. पण ते सुचायला डोकं थंड लागतं, आणि तिथे कुणाचंच तसं नव्हतं.

एजंटकाका तळमजल्यावर राहायचे. वीस वर्षं त्यांचा धंदा घरं दाखवण्याचा. भिंतीला ओल आली असेल तर ते म्हणत, "उन्हाळ्यात गारवा आहे." खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत असेल तर, "नजर लागायची सोयच नाही." रिकाम्या खोल्यांत ज्याला एवढं दिसतं, त्याला एका मुलीच्या तीन वाक्यांत ब्रह्मांड दिसलं यात नवल ते काय?

"पुढचे कोण?"

कारखान्यातला एक कारकून पुढे सरकला आणि टेबलासमोर गुडघ्यांवर बसला. "माणसं कमी करतायत," तो म्हणाला. "यादी लागणार आहे. माझं काय होईल?"

मुलगी झुलत राहिली. कारकून आणखी पुढे वाकला. त्याचं डोकं टेबलाखाली आलं तशी ती भिंतीला चिकटली आणि जाड, दमलेल्या, पुरुषी आवाजात म्हणाली, "बरं, ठेवतो मग."

जिन्यापर्यंत शहारा गेला.

"ऐकलंत?" एजंटकाका टाचांवर उंच झाले. "ठेवतो! नोकरी ठेवतो! आणि शब्द नीट पारखा. 'ठेवते' म्हणाली का? नाही! पोरगी स्वतःला 'ठेवतो' कशाला म्हणेल? म्हणजे बोलणारा वेगळाच आहे. ही बोलत नाही हो, हिच्यातून बोललं जातं!"

कारकुनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मागच्या बायका त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून त्या मुलीची, टिल्लीची, आई उभी होती. एवढ्या गर्दीत तिला एकटीलाच माहीत होतं की बोलणारा खरंच वेगळा आहे. तो टिल्लीचा बाप होता. लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, रोज पाच वाजता कुठल्यातरी ढाब्यावरून फोन करायचा, "जेवलीस? टिल्ली बरी?" एवढं विचारायचा आणि म्हणायचा, "बरं, ठेवतो मग." त्यानंतर फोनमधून आवाज येणं बंद होई. टिल्लीने त्यातून एवढंच उचललं होतं की हे म्हटलं की माणूस जातो.

ती कारकुनाला जा म्हणत होती.

आईला हे कळत होतं आणि आई गप्प होती.

हे सगळं सुरू झालं दीड महिन्यापूर्वी, एका चेंगरलेल्या बोटावरून.

टिल्ली तीन वर्षांची असताना डॉक्टरांनी 'ऑटिझम' हा शब्द उच्चारला होता. पोरीला शब्द यायचे, पण एकेक करून यायचे नाहीत. आख्खी वाक्यं यायची, ज्याच्या तोंडून ऐकली त्याच्या आवाजासकट, त्याच्या हेलासकट. तहान लागली की ती "पाणी" म्हणायची नाही. इमारतीतली पोरं तिला 'रेडिओ' म्हणायची. मग पोरं हाक मारायचीही थांबली. वाढदिवसांची बोलावणी थांबली. लिफ्टचं दार उघडलं आणि आत टिल्ली दिसली की बाहेरची माणसं हसून म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, आम्ही येतो मागून." मायलेकी दोघीच वर जायच्या, आणि चार माणसांच्या त्या लिफ्टमध्ये जागाच जागा असायची.

आई घरी बसून कपडे दुरुस्त करायची. चेन बदलायची, कंबर आत घ्यायची, उसवलेलं शिवायची. गिऱ्हाईक दारातूनच पिशवी द्यायचं. अख्ख्या दिवसात तिच्याशी माणसं बोलायची ती मापांत. दोन इंच आत. एक इंच खाली. गुरुवारपर्यंत हवंय.

त्या दिवशी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या आजी होत्या, गुडघा धरून उभ्या. उतरण्याच्या घाईत दाराच्या फटीत टिल्लीचं बोट सापडलं. पोर रडली नाही. ती आजींच्या गुडघ्याकडे तोंड करून मऊ, लाडीक आवाजात म्हणाली, "झालं झालं झालं, आता नाही दुखणार."

आईने झटकन तिचे हात तपासले. करंगळी लालबुंद झाली होती. वर्षापूर्वी टिल्लीची हनुवटी फुटली होती तेव्हा टाके घालताना नर्सबाई हेच म्हणत होत्या, पुन्हा पुन्हा. तेव्हापासून कुठेही लागलं, खुपलं की टिल्लीच्या तोंडून नर्सबाई बोलायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी चक्क जिना चढून वर आल्या.

"अगं, तुझ्या पोरीच्या तोंडात काय आहे! म्हणाली नाही दुखणार, आणि खरंच गं, रात्रभर ठणका नाही!"

"आजी, ते तसं नाही, तिचं बोट..."

"ते राहू दे. आधी तू खाली ये माझ्याकडे, चहा टाकलाय. हिलाही आण."

टिल्लीची आई चार वर्षांत इमारतीतल्या कुणाच्या घरात बसली नव्हती. आजींच्या घरी सोफ्यावर पांढरा अभ्रा होता आणि कपाला बशी होती. आजींनी तिला माहेरचं विचारलं, पाठदुखीचं विचारलं, नवरा किती दिवसांनी येतो ते विचारलं. बोटाची गोष्ट जिभेवर आली होती, ती चहाबरोबर पोटात गेली.

नंतर सांगू, असं तिने ठरवलं. नंतर म्हणता म्हणता आजींनी बहिणीला सांगितलं, बहिणीने जावेला, आणि तिसऱ्याच दिवशी एजंटकाका दारात उभे राहिले. "वहिनी, तुमच्या घरात काय आहे याची तुम्हाला कल्पना नाही," असं म्हणून त्यांनी खोलीवर नजर फिरवली. ती नजर घर दाखवणाऱ्याचीच होती.

मग बैठका सुरू झाल्या. चार ते साडेपाच, रविवार सोडून. काकांनी नियम केले: फोन बंद, प्रश्न एकच, अर्थ काका सांगतील तोच. दानाची पेटी नव्हती. ती तिसऱ्या आठवड्यात आली.

वाक्यं तीनच होती. पण एकाच चावीने काकांनी शंभर कुलपं उघडली. टिल्ली बाहेर जायला कासावीस झाली की लिफ्टमधल्या बाईसारखी गोड, सपाट आवाजात म्हणायची, "दार उघडत आहे." काका म्हणायचे, "नशिबाचं!" समोर लग्न न जमणारी मुलगी असली तर सासरचं दार, कर्ज अडलेला दुकानदार असला तर बँकेचं. एकदा एका माणसाला तुरुंगातल्या भावाबद्दल विचारायचं होतं. त्या दिवशी तर काकांना अर्थ लावावाच लागला नाही.

ज्यांचं भलं झालं ते पेढ्यांचा पुडा घेऊन यायचे आणि जिन्यातच सगळ्यांना गोष्ट सांगायचे. ज्यांचं झालं नाही ते परत यायचे नाहीत, आणि न आलेल्या माणसाची गोष्ट कोण सांगणार? चमत्कारांचं सगळं दुकान याच एका गोष्टीवर चालतं.

आता लिफ्टपाशी माणसं दार धरून ठेवायची. "या, या, टिल्लीची आई!" वाण्याने तिला रांगेतून पुढे घेतलं. समोरच्या बाईने स्वतःहून भाजी आणून दिली. हे सगळं आईला खोटं वाटायचं आणि हवंहवंसंही वाटायचं. एखाद्या दुपारी टिल्ली टेबलाखाली जास्तच झुलायला लागली की तिला वाटायचं, बस, आता सगळ्यांना बाहेर काढावं. पण मग साडेपाचनंतरची ती जुनी शांतता आठवायची, शिलाई मशीनचा तेवढा आवाज आठवायचा. ती चौकट आणखी घट्ट धरायची.

फोन बंद असल्यामुळे नवऱ्याचा पाचचा फोन लागेनासा झाला. एकदा तो सकाळीच चिडून म्हणाला, "माझ्याच पोरीची खबर मला ढाब्यावर दुसरे ड्रायव्हर सांगतात. चाललंय काय तुमचं?"

"लोक येतात," ती म्हणाली. "माणसं असतात घरात." याहून जास्त तिला सांगता येईना.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी वाणीला बहर आला. हा शब्द काकांचा. टिल्ली इतर दोन वाक्यं जवळपास विसरली आणि सारखं एकच म्हणू लागली. "झालं झालं झालं, आता नाही दुखणार." सकाळी उठल्यावर, भात समोर ठेवल्यावर, अंगावर पाणी घेताना. बैठकीत तर दहा-दहा वेळा. आजारी माणसांची नुसती रीघ लागली. काकांनी रांगा दोन केल्या, एक दुखण्यांची आणि एक इतरांची.

दुखण्यांच्या रांगेत एक घड्याळजी होते. कोपऱ्यावरच्या टपरीएवढ्या दुकानात चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेले, बायको गेल्यापासून एकटेच राहणारे. त्यांच्या छातीत कळा यायच्या. टिल्लीने त्यांना ते वाक्य तीनदा ऐकवलं होतं. गुरुवारी आई पाव आणायला खाली उतरली, तर ते जिन्याच्या दुसऱ्या वळणावर कठड्याला धरून उभे होते. ओठ निळसर पडले होते, पण तोंडावर हसू होतं.

"गोळ्या बंद केल्या हो मी," ते धापा टाकत म्हणाले. "दहा दिवस झाले. पोरीवर विश्वास ठेवायचा आणि खिशात गोळ्याही बाळगायच्या, हे काही बरं नाही दिसत."

आई पाव न घेताच वर आली.

त्याच दुपारी गर्दीत एक बाई मागे भिंतीला टेकून उभी होती. खांद्याला कापडी पिशवी, पायांत मळलेले बूट. ती टिल्लीची वाचा-उपचार करणारी बाई. चष्म्याच्या दुकानावर तिची एक खोली होती. तिथे ती न बोलणाऱ्या, अडखळणाऱ्या, एकच वाक्य घोकणाऱ्या मुलांबरोबर जमिनीवर बसायची. मुलं तिला बोलबाई म्हणायची. बैठका सुरू झाल्यापासून टिल्ली तिच्याकडे गेलीच नव्हती.

बोलबाईने दीड तास सगळं पाहिलं. एका शब्दाने कुणाला टोकलं नाही. लोक उतरून गेले, काका पेटी घेऊन गेले, तशी ती टेबलापाशी फरशीवर बसली. टिल्लीच्या अगदी जवळ नाही. हाताएवढं अंतर ठेवून.

"टिल्लीची आई," ती म्हणाली, "आज ती किती वेळा म्हणाली, मला दुखतंय?"

आईने कोपऱ्यातली केरसुणी उचलली.

"मी चौदा मोजले."

"बाई, मला..."

"तुम्हाला माहीत आहे. वही तुम्हीच लिहीत होता ना? काय म्हणाली, ते पहिल्यांदा कुठे ऐकलं होतं, आणि आत्ता तिला काय हवं होतं. इतकी चांगली वही माझ्याकडच्या एकाही आईची नाही. टिल्लीसारख्या मुलांना वाक्य अख्खंच्या अख्खं मिळतं. ज्या क्षणी कानावर पडलं, त्या क्षणाला ते शिवलं जातं. मग तसाच क्षण आला की तेच वाक्य बाहेर येतं. ती पोपटपंची नसते, आणि देववाणी तर नसतेच. ती सांगत असते. फक्त तिच्याकडे शब्दांचं कापड आहे तेवढंच आहे." बाईने आवाज खाली आणला. "एवढी माणसं तिचं ऐकायला येतात. त्यांतल्या एकाने तरी विचारलं का, पोरी, तुला कुठे दुखतंय?"

एकदम सगळं आईच्या ध्यानात यायला लागलं. आठवडाभर पोर एकाच बाजूने चावत होती. भात ठेवला की ताट सरकवत होती. उजव्या गालावर तळहात मारून घेत होती, आणि काका म्हणाले होते, "बघा, वाणी आत मावत नाही!" आणि हे ऐकून ती, तिची आई, गप्प राहिली होती.

बोलबाईने पिशवीतून छोटा आरसा आणि बॅटरी काढली. आधी स्वतःच्या तोंडात उजेड पाडला, मग आईच्या. खूप वेळ तोच खेळ चालला. शेवटी टिल्लीने बॅटरी हिसकावली आणि आरशात बघत स्वतःचं तोंड उघडलं. एका क्षणापुरतंच, पण तेवढं पुरेसं होतं. उजवीकडची खालची दाढ काळी पडली होती आणि तिच्या मुळाशी पिवळट, टरारलेला फोड होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दातांच्या डॉक्टरांनी भूल देऊन दाढ काढली, पू काढला. "हे दोन-तीन आठवड्यांचं आहे," ते हात धुता धुता म्हणाले. "मोठ्या माणसाने ओरडून घर डोक्यावर घेतलं असतं. हिने काहीच सांगितलं नाही का?"

"सांगितलं," आई म्हणाली. "सगळ्यांना सांगितलं."

बैठक बंद म्हणून दाराला कागद चिकटवला असता तरी भागलं असतं. टिल्ली आतल्या खोलीत झोपली होती, बोलबाई तिच्या उशाशी बसली होती. पण जिन्याच्या दुसऱ्या वळणावरचे ते निळे ओठ आईच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"तुम्ही सांगा ना त्यांना," ती बोलबाईला म्हणाली. "तुमचं ऐकतील."

"माझं ऐकतील, आणि उद्या दुसऱ्या दारात जाऊन बसतील. म्हणतील, शिकलेली बाई, तिचा विश्वास नाही. तुम्ही पहिल्या दिवसापासून आत होता."

चार वाजता आईने दार उघडलं. टेबलाखालची जागा रिकामी पाहून कुजबुज सुरू झाली.

"वाणी विश्रांती घेते आहे," काका लगेच म्हणाले. "पण आसनातही..."

"काका, थोडं बाजूला व्हा," आई म्हणाली. तिने वही छातीशी धरली. "टिल्ली तीन वाक्यं म्हणते. ती कुठून आली ते मला सांगायचंय. आधी लिफ्टपाशी चला."

लिफ्ट चार पावलांवर होती. तिने बटण दाबलं. लिफ्ट वर आली, घरघर थांबली, आणि भिंतीतल्या जाळीतून गोड, सपाट आवाज आला. "दार उघडत आहे."

रोज सगळे या लिफ्टने येत होते. रोज हा आवाज त्यांच्या कानावर पडत होता. पण आज तो ऐकून कुणाला कुणाच्या तोंडाकडे बघवेना. मागून एक तरुण फिस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. लग्न न जमणाऱ्या मुलीने मान खाली घातली.

"अहो, वाणीला कुठलंही द्वार चालतं!" काका उसळले. "ती लिफ्टमधूनही येऊ शकते!"

"मग लिफ्टलाच विचारा ना प्रश्न," आई म्हणाली. "माझ्या पोरीला कशाला?"

आता बरेच जण हसले. काकांनी घाईघाईने नियमांची आठवण करून दिली, बैठकीत फोन बंद. पण आईने आज फोन चालू ठेवला होता, आणि पाच वाजेपर्यंत ती सगळ्यांना थोपवूनच बसली. फोन वाजला तसा तिने तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"जेवलीस?" जाड, दमलेला आवाज. मागे ट्रकांचे हॉर्न. "आज लागला एकदाचा. टिल्ली बरी?"

"दाढ काढली तिची. झोपलीय."

"अरे देवा. खूप रडली का?" थोडा वेळ नुसते हॉर्न. "मी परवा पोचतो. बरं, ठेवतो मग."

कारकून भिंतीला टेकून उभा होता. तो हळूहळू तिथेच खाली बसला. त्याच्या पाठीवरून हात फिरवायला आज कुणी पुढे आलं नाही.

"आणि तिसरं," आई म्हणाली. तिने वहीतून कागदाची पुडी काढली, उलगडली आणि तळहात पुढे केला. काळी, किडलेली, इवलीशी दाढ. "झालं झालं झालं, आता नाही दुखणार. टाके घालताना नर्सबाई म्हणाल्या होत्या. तेव्हापासून दुखलं की ती हेच म्हणते. तीन आठवडे ती तुम्हाला हेच सांगत होती. तुमच्याबद्दल नाही, स्वतःबद्दल."

मग तिसऱ्या मजल्यावरच्या आजी पुढे आल्या. "पण माझा गुडघा? तो तर दुखायचा राहिला ना गं?"

"आजी, त्या आठवड्यात गुडघ्याला काही उपाय केला होतात?"

आजी थबकल्या. "इंजेक्शन दिलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले होते, चार दिवसांत उतार पडेल." त्यांनी बोटं मोजली आणि मोजणं अर्ध्यावर सोडून दिलं. मग एकदम मान वर करून विचारलं, "तुला हे सगळं माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मला चहाला बोलावलंत म्हणून," आई म्हणाली.

आजी वळल्या आणि जिना उतरू लागल्या. मागोमाग एकेक जण निघाला. कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घड्याळजी तेवढे उरले. त्यांनी रागाने काठी फरशीवर आपटली.

"दहा दिवस मी बरा होतो," ते म्हणाले. "खरंच बरा होतो. तेही नेलंत तुम्ही."

"तुम्ही बरे नव्हता, बाबा. मी तुम्हाला जिन्यात पाहिलंय." तिने टेबलाखालून स्टूल ओढून त्यांच्यापुढे केलं. ते बसले नाहीत. "तुमच्याकडे बंद पडलेलं घड्याळ आलं तर तुम्ही काय करता? कुणी दुरूनच 'चालेल, चालेल' म्हणालं तर ते चालतं का? मागचं झाकण उघडता, आत बघता, कुठे अडलंय ते शोधता. मग स्वतःच्या छातीला तेवढाही मान नको? उद्या डॉक्टरांकडे जा. हात जोडते, गोळ्या सुरू करा."

ते गेले. त्यांची काठी चार मजले वाजत गेली.

पुढचं थोडक्यात. एजंटकाकांनी आठवडाभर सांगितलं की आईच्या अहंकाराने वाणी रुसली. मग त्यांना दुसऱ्या इमारतीत, पाणी झिरपणाऱ्या एका भिंतीवर एक चेहरा दिसला, आणि त्यांचं बस्तान तिकडे हललं. चमत्कार उघडा पडला की चमत्कारवाला उपाशी मरतो, असं समजू नये. तो फक्त पत्ता बदलतो. त्याची पेटी भरते ती आपल्या भीतीने आणि आपल्या एकटेपणाने, आणि या दोन्हींचा माल जगात कधी कमी पडत नाही. म्हणून कुणी काही अद्भुत दाखवलं की 'यात माझ्यासाठी काय आहे?' असं विचारण्याआधी 'हे आलं कुठून?' एवढं विचारावं. याला विद्वत्ता लागत नाही. लिफ्टपर्यंतची चार पावलं चालायची तयारी लागते.

कारकुनाचं नाव यादीत आलं. महिनाभर 'ठेवतो' म्हणून निर्धास्त राहिल्यामुळे त्याने दुसरीकडे कुठे विचारलंच नव्हतं. तो इमारतीच्या फाटकापाशी दिसला की आई रस्त्याच्या पलीकडून जायची.

लिफ्टपाशी माणसं पुन्हा म्हणू लागली, "तुम्ही व्हा पुढे." वाण्याच्या रांगेत ती आपल्या जागी उभी राहायची. समोरच्या बाईचा भाजीचा डबा धुऊन, त्यात लाडू भरून तिने परत दिला. दार उघडलं, डबा घेतला गेला, दार लागलं. बोलबाईची खोली आठवड्यातून दोनदा. उरलेले पाच दिवस मशीन, पोर आणि चार भिंती. पण टिल्ली आता दोन्ही बाजूंनी चावत होती आणि टेबलाशी, खुर्चीत बसून जेवत होती.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी दारावर काठी वाजली. घड्याळजी उभे होते. लिफ्टने आले होते. ओठांचा रंग सुधारला होता. हातात एक विजार होती.

"कंबर ढिली झालीय," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "गोळ्यांनी भूक जाते. दोन इंच आत."

"गुरुवारपर्यंत देते," ती म्हणाली.

काम संपलं होतं, पण ते दारातच घुटमळले. टिल्ली खिडकीपाशी बटणांचा डबा ओतून रंगांप्रमाणे ओळी लावत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग खाली वाकून भिंग डोळ्याला लावावं तसे डोळे बारीक केले. "चुकलेलं नाही एकही," ते पुटपुटले. थोड्या वेळाने काठी सावरून वळले.

"एक मिनिट हं, आलेच," टिल्ली म्हणाली.

घड्याळजी थांबले. आईचा हात विजारीवर तसाच राहिला. तो आवाज तिचा होता. तिचाच, स्वयंपाकघरातून रोज दिलेला. पोरीकडे लिफ्टचा आवाज होता, बापाचा होता, नर्सबाईंचा होता. आईचा आज पहिल्यांदा आला होता.

घड्याळजींनी काठी दोन्ही हातांत धरली. दोन महिने ते या दारात येत होते आणि दर वेळी त्यांनी विचारलं होतं, माझं काय होईल. आज ते म्हणाले, "हे म्हणजे काय म्हणतेय ती?"

आईला तत्काळ सांगता आलं असतं. थांबा, म्हणतेय. जाऊ नका, म्हणतेय. सांगावंसं तिला फार वाटलं. पण तिने वहीकडे हात नेला.

"आत्ताच नाही सांगता येणार, बाबा. पहिल्यांदाच म्हणालीय. वहीत लिहून ठेवते. पाच-दहा वेळा ऐकलं, तेव्हा काय चाललं होतं ते बघितलं, की कळेल." तिने स्टूल पुढे सरकवलं. "तुम्ही बसून बघा. बसल्यावर ती काय करते ते पाहू."

घड्याळजी बसले.